अभिजात मसल कारचे बाजारमूल्य

मसल कार हा अमेरिकी मोटारींचा एक प्रकार आहे. मध्यम किंवा लहान आकाराच्या दोन दारी गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून माफक किमतीत वेगवान मोटार देणे, हे या प्रकाराचे मुख्य वैशिष्ट्य होय. साधारणपणे १९६४ ते १९७३ या काळातील अशा मोटारींना अभिजात मसल कार म्हणतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मसल कारच्या किमतींत अनेक पटींचा फरक असू शकतो. दुर्मीळता, मूळ भाग, कागदोपत्री पुरावा, स्थिती आणि मालकीचा इतिहास या घटकांवर ही किंमत ठरते. यांपैकी पुरावा सर्वांत निर्णायक असतो, कारण तो नसल्यास इतर गुण सिद्ध करता येत नाहीत.

पार्श्वभूमी

१९६४ सालची पाँटिॲक जीटीओ ही पहिली मसल कार असल्याचे सामान्यतः मानले जाते. टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ क्युबिक इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन देऊन ती तयार करण्यात आली. त्यानंतर शेव्हरोले, फोर्ड, प्लिमथ, डॉज आदी नाममुद्रांनीही या स्पर्धेत भाग घेतला. १९७० नंतर विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणविषयक कडक कायदे आणि १९७३चे तेलसंकट यांमुळे हा काळ संपुष्टात आला. त्यामुळे अशा मोटारींची संख्या कायमची मर्यादित झाली.

दुर्मीळता

केवळ जुनी असल्याने मोटार महाग होत नाही. एकाच प्रतिमानाच्या हजारो गाड्यांपैकी ठरावीक इंजिन, गिअरबॉक्स व बांधणी असलेल्या गाड्या किती निघाल्या, हे पाहिले जाते. प्लिमथ कुडामध्ये ४२६ क्युबिक इंचांचे (सुमारे ७ लिटर) हेमी इंजिन घेण्यासाठी ग्राहकाला १९७० साली सुमारे ८७१ डॉलर अधिक मोजावे लागत. त्यामुळे ते घेणारे थोडेच होते. छत दुमडता येणाऱ्या, म्हणजे कन्व्हर्टिबल, हेमी कुडा त्या वर्षी फक्त १४ तयार झाल्या आणि १९७१ साली जेमतेम डझनभर. १९७१च्या अशा एका मोटारीला २०१४ साली सिॲटल येथील लिलावात ३५ लाख डॉलर किंमत मिळाली.

१९६९ सालच्या शेव्हरोले कॅमॅरो झेडएल-१ या केवळ ६९ मोटारी तयार झाल्या. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठी मोटारीच्या मूळ किमतीवर ४,००० डॉलरहून अधिक आकारले जात असल्याने विक्रेत्यांना त्या खपवणे कठीण गेले. अशा रीतीने, त्या काळी महाग म्हणून नाकारल्या गेलेल्या मोटारीच आज सर्वाधिक मागणीच्या ठरल्या आहेत.

जुळणारे क्रमांक

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंजिन व गिअरबॉक्स यांवर मोटारीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग कोरला जाऊ लागला. हे क्रमांक मोटारीच्या मुख्य क्रमांकाशी जुळत असल्यास कारखान्यात बसवलेले इंजिन कायम आहे, असे समजले जाते. शर्यतींत किंवा बेफाम वापरात अनेक मोटारींची मूळ इंजिने निकामी होऊन बदलली गेली. त्यामुळे मूळ इंजिन टिकलेल्या मोटारीला बरीच अधिक किंमत मिळते.

जुने क्रमांक घासून नवे कोरण्याची फसवणूकही होते. म्हणून तज्ज्ञ कोरलेल्या पृष्ठभागाची तपासणी करतात आणि इंजिनाच्या ओतकामाची तारीख मोटारीच्या जुळणीच्या तारखेआधीची आहे का, हेही पाहतात.

कागदपत्रे

सर्व कंपन्यांच्या ओळख क्रमांकांतून सारखीच माहिती मिळत नाही. १९७० सालच्या प्लिमथच्या क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर ४२६ हेमी इंजिन दर्शवते. याउलट, त्याच वर्षीच्या शेव्हरोलेच्या क्रमांकावरून इंजिनाला सहा सिलिंडर आहेत की आठ, एवढेच कळते. त्यामुळे ४५० अश्वशक्तीची शेव्हेल एसएस ४५४ एलएस-६ केवळ क्रमांकावरून सिद्ध होत नाही. साध्या शेव्हेलवर तसेच इंजिन व चिन्हे बसवून केलेली प्रतिकृती चालवण्यात व दिसण्यात मूळ मोटारीइतकीच सरस असू शकते. तरी तिची किंमत फार कमी असते. प्रतिकृती करणे गैर नाही, मात्र ती मूळ म्हणून विकणे ही फसवणूक ठरते.

१९६४ व १९६५ सालांत जीटीओ हे स्वतंत्र प्रतिमान नसून वाढीव रकमेचा पर्याय होता. त्यामुळे या वर्षांच्या मोटारींसाठीही क्रमांक अपुरा पडतो आणि कंपनीच्या उत्पादन नोंदी पाहाव्या लागतात. कारखान्यातील जुळणी-पत्रक, विक्रीची मूळ पावती व खिडकीवरील किंमतपत्रक हेही महत्त्वाचे पुरावे होत. जुळणी-पत्रके कधी कधी आसनाखाली किंवा इंधन टाकीवर चिकटलेली सापडतात.

स्थिती व जीर्णोद्धार

संग्राहकांच्या बाजारात मोटारींची स्थितीनुसार प्रतवारी केली जाते. प्रदर्शनात पारितोषिक मिळवण्याजोगी मोटार पहिल्या प्रतीची मानतात. गंज हा मोठा शत्रू असून तळाचे पत्रे व चाकांभोवतीचे भाग प्रथम तपासले जातात. संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च अनेकदा मोटारीच्या अंतिम किमतीहून अधिक होतो. म्हणून सामान्य प्रतिमानांच्या बाबतीत तो आर्थिकदृष्ट्या परवडत नाही. दुसरीकडे, मूळ रंग व आतील सजावट टिकवून असलेल्या मोटारींना मागणी वाढली आहे. जीर्णोद्धार पुन्हा करता येतो, परंतु कारखान्यातील रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही.

मालकीचा इतिहास

प्रसिद्ध व्यक्ती किंवा चित्रपटाशी असलेला संबंध इतर निकषांवर मात करू शकतो. ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली फोर्ड मस्टँग जीटी जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना विकली गेली. ती १९७४ साली एका कुटुंबाने सुमारे ६,००० डॉलरना घेतली होती आणि तिचा जीर्णोद्धार झालेला नव्हता. चित्रीकरणाच्या खुणा तिच्यावर कायम होत्या. ती तीच मोटार आहे, हे सिद्ध करण्यास या खुणा उपयोगी ठरल्या.

बाजारातील चढउतार

तरुणपणी ज्या मोटारींची हौस पुरवता आली नाही, त्या पुढे ऐपत आल्यावर घेण्याची प्रवृत्ती या बाजारात ठळकपणे दिसते. २००० च्या दशकाच्या मध्यास किमती झपाट्याने चढल्या आणि २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अनेक प्रतिमानांच्या किमती घसरल्या. पिढी बदलते तशी आवडही बदलत असल्याने आजची किंमत उद्या टिकेलच असे नाही.