पैसा पोचला, पण कोणाकडे?

पैसा मिळविणे कठीण आणि मिळविलेला राखणे त्याहून कठीण, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. परंतु तो योग्य मनुष्याच्या हाती वेळेवर पोचविणे हेही सावधपणाचेच काम आहे, हे आम्हांस २०२२ सालच्या श्रावणात चांगलेच कळून आले.

आमच्या वहिनी त्या वेळी पुण्यास रुग्णालयात होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी साठ हजार रुपये भरावयाचे होते. त्यांचा मुलगा नागपुरास नोकरीवर. त्याने ती रक्कम रात्री मोबाईलवरून आमच्या खात्यावर पाठविली. खात्याचा क्रमांक आम्हीच घाईघाईने फोनवर सांगितला होता. ‘३८’च्या जागी ‘८३’ पडले. आम्ही चुकीचे सांगितले की त्याने चुकीचे ऐकले, याचा निवाडा अद्याप झालेला नाही. रक्कम जमा झाल्याचा संदेश त्यास मिळाला. आमच्या खात्यात मात्र एक पैही नाही! ती कोणा अपरिचित गृहस्थाच्या खात्यात जाऊन बसली होती. धाकट्या बंधूंनी रातोरात इष्टमित्रांकडून पैसे उभे केले, म्हणून शस्त्रक्रिया ठरल्या वेळी पार पडली. त्या गृहस्थाने लेखी संमती दिली, तेव्हा तेवीस दिवसांनी रक्कम परत आली. खातेदाराच्या संमतीवाचून बँक ती आपण होऊन काढून घेत नाही, हे आम्हांस तेव्हा प्रथमच समजले.

“पण नाव तर बरोबर लिहिले होते!” असे तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणे. सर्व मर्म येथेच आहे. आपल्या देशात मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. तीत पोस्टमन दारात उभा राही, माणूस ओळखी, सही अगर अंगठा घेई आणि मगच नोटा हातावर ठेवी. यंत्र माणूस ओळखत नाही. ते अंक ओळखते. अशा व्यवहारात केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करण्यास रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांस मुभा दिली. म्हणजे पोस्टमनचे काम आता पाठविणाऱ्याच्याच शिरावर येऊन पडले आहे.

या कामी अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी व आरटीजीएस या मार्गांनी पैसे पाठविताना, दिलेल्या क्रमांकाच्या खातेदाराचे नाव आधी पाहता येईल अशी व्यवस्था बँकांनी करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ते नाव डोळ्यांपुढे आले असता न वाचताच बोट पुढे सरकविणे, हा निव्वळ आळस होय.

आता मार्ग कोणता निवडावा? आरटीजीएस हा दोन लाख व त्यावरील रकमांसाठी असून त्यात प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे तत्काळ चुकती होते. एनईएफटीत दर अर्ध्या तासाने रकमांची एकेक तुकडी निघते. त्यामुळे थोडा वेळ लागला तरी घाबरण्याचे कारण नाही. आयएमपीएसने पाच लाखांपर्यंतची रक्कम तत्क्षणी पोचते. यूपीआयही तितकेच त्वरित. मात्र व्यक्तीव्यक्तींमधील व्यवहारास सामान्यतः एक लाखाची मर्यादा आहे. हे चारही मार्ग आता अहोरात्र, सुटीच्या दिवशीही खुले असतात. आपल्या बँकेची स्वतःची मर्यादा याहून कमी असू शकते. ती आधीच विचारून ठेवावी.

आयएफएससी कोडविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तो अकरा स्थानांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि शेवटची सहा स्थाने शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ लिहिणारे सुशिक्षितही आम्ही पाहिले आहेत. देना व विजया या बँका २०१९ साली बँक ऑफ बडोदात आणि सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. त्यांचे जुने कोड आता चालत नाहीत. म्हणून कपाटातील जुन्या चेकबुकावर विसंबू नये.

आमच्या मते खरी गोष्ट ही की, घाई टाळावयाची असेल तर तयारी स्वस्थतेच्या दिवसांत झाली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. ज्यांस पैसे पाठविण्याचा प्रसंग येईल, त्यांची खाती आजच आपल्या बँकेत नोंदवून ठेवावी. कारण नव्या नोंदीनंतर पहिले काही तास कित्येक बँका रकमेवर मर्यादा घालतात. क्रमांक कानाने घेऊ नये. पासबुकावरून अगर चेकवरून डोळ्यांनी घ्यावा. एकाने वाचावा, दुसऱ्याने ताडून पाहावा. एकत्र कुटुंबात माणसांस तोटा नसतो, त्याचा हा एक लाभच! नंतर एक रुपया पाठवावा, तो पोचल्याचे फोनवर विचारावे आणि मगच मोठी रक्कम पाठवावी.

इतके करूनही रक्कम अडकली, तर उतावीळपणे दुसऱ्यांदा पाठवू नये. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. एनईएफटीची रक्कम जमा होऊ शकली नाही, तर त्या तुकडीनंतर दोन तासांत ती परत फिरविली गेली पाहिजे. आयएमपीएस अगर यूपीआयने पाठविलेले पैसे आपल्या खात्यातून वजा होऊन समोरच्यास मिळाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत. त्यापुढील विलंबास दररोज शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. चुकीच्या खात्यात गेले, तर त्याच घटकेस आपल्या बँकेस कळवावे. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आमच्या घरी आता जमाखर्चाच्या वहीत एक पान याच कामासाठी राखले आहे. त्यावर आप्तेष्टांचे पडताळून घेतलेले खाते क्रमांक आहेत. पिन अगर पासवर्ड मात्र कोणाचाही नाही. वहिनींची प्रकृती उत्तम आहे. चिरंजीव दर महिन्यास त्यांस पैसे पाठवितो. नोंद जुनी असली तरी आधी एक रुपया पाठविल्यावाचून त्यास चैन पडत नाही, आणि वहिनीही फोनवरून कौतुकाने सांगतात, “आला रे बाबा तुझा रुपया, आता बाकीचे पाठव!”