श्वास आणि रक्त यांच्यामधला पडदा

अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. चालणाऱ्याचं सगळं लक्ष पायांकडे असतं, पण खरी कमाल छातीत चाललेली असते. नुसतं बसून असताना हृदयाची उजवी बाजू मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फुप्फुसांत ढकलते. भरभर चालायला लागलं की ते दुप्पट होतं, आणि तरीही तिथला दाब फारसा वाढत नाही! एरवी मिटून पडलेल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, उघड्या असलेल्या रुंदावतात. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर मोजतात तो वरचा दाब १२०च्या आसपास असतो; फुप्फुसाच्या धमनीत तो जेमतेम २५.

इतकं अलगद वाहावंच लागतं. आपल्या जालन्याच्या मोसंबीची फोड सोलून बघा, रसाचे दाणे एकमेकांना खेटून बसलेले दिसतील. फुप्फुसातले वायुकोश तसेच खेटलेले असतात, फक्त प्रत्येक कोश मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा आणि संख्या ३० कोटींच्या वर. प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यात अंतर किती, तर साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. तांबडी पेशी या जाळ्यातून पाऊण सेकंदात पार होते आणि ऑक्सिजन मात्र पहिल्या पाव सेकंदातच भरून घेते. उरलेला अर्धा सेकंद राखीव. शरीराने एवढी शिल्लक ठेवावी, याचा अचंबा काही केल्या ओसरत नाही.

विडी-सिगारेटचा धूर येऊन भिडतो तो याच पडद्याला. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि त्यामुळे वाहिनी सैल राहते. हे कोडं उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. धुरातले जहाल मुक्त कण हा वायू संपवतात, अस्तरालाही जखमा करतात. मग वाहिनी आवळते, तिची भिंत आतून जाड होत जाते. फुंकण्याची चाचणी अगदी नॉर्मल आलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांतही अशा जाडावलेल्या धमन्या सापडल्या आहेत.

केशवाहिन्यांची गत याहून वाईट. १९५९ साली अ‍ॅव्हरिल लीबो या रोगनिदानतज्ज्ञाने नोंदवलं, की फुप्फुस विरत गेलेल्या रुग्णांत वायुकोशांच्या भिंतींत रक्तवाहिन्या जवळपास उरलेल्याच नसतात. पुढे २००० साली उंदरांवर एक प्रयोग झाला. धूर अजिबात दिला नाही, फक्त रक्तवाहिन्यांना जगवणारा रासायनिक निरोप अडवला. वायुकोश तरीही नाहीसे झाले! म्हणजे धूर थेट भिंत पोखरतो एवढंच नाही. आधी वाहिनी मरते आणि तिच्यामागून भिंत, असंही घडत असावं.

आणि हे वर्षानुवर्षं कळत नाही, ते त्या शिल्लकीमुळेच. मोंढ्यातल्या टपरीवर उभ्या उभ्या विडी ओढणाऱ्याला काहीच होत नाही. राजूरची टेकडी चढताना मात्र ज्या वाहिन्या उघडायच्या, त्या उघडत नाहीत किंवा उरलेल्याच नसतात. धाप लागते. तो म्हणतो, वय झालं. हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून थकली, की पायांवर सूज दिसते. ओढणं सोडलं तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो, अस्तरही पुष्कळ सावरतं. गेलेलं जाळं परत विणलं जात नाही.

लीबोंची नोंद आली त्याच १९५९ साली दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी अशाच थकलेल्या उजव्या हृदयाचे रुग्ण अभ्यासले. त्यांत बायका भरपूर होत्या आणि बहुतेकींनी कधी विडी ओढलेली नव्हती. लहानपणापासून शेणी-लाकडाच्या चुलीपुढे बसून त्यांनी धूर घेतला होता. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घालणाऱ्या आपल्या भोकरदन-अंबडच्या घरांत टपरीवरच्या त्या माणसाची तपासणी होईल, तेव्हा त्याच्या बायकोचीही व्हायला हवी.