तीनशे पंधराची पुंगळी

संपादकांचा आदेश मोघम होता. क्वचित मिळणाऱ्या बोअरच्या रायफलींची काडतुसं घरीच भरणारे हौशी लोक अमेरिकेत, युरोपात खूप आहेत. आपल्याकडे असं कोणी आहे का, बघून ये. मला नाकाडोंगरी आठवलं. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून कटंगीच्या वाटेला लागलं की मँगनीजच्या खाणींचा मुलूख सुरू होतो. गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजरूक या गावांच्या शेजारात हे गाव. जंगल थेट धानाच्या बांध्यांना भिडलेलं, पलीकडे मध्य प्रदेश. रानडुकरं आहेत, जुनी मालगुजारी घरं आहेत, म्हणजे परवान्याच्या बंदुकाही असणार, असा माझा हिशेब होता.

रायफल सापडली. गावातल्या एका ओसरीवर भेटलेल्या आबाजींनी ती दाखवली, पण हातात दिली नाही. परवाना त्यांच्या नावावर आहे, माझ्या नाही. .३१५ बोअर, इशापूरच्या रायफल फॅक्टरीची, खटका (बोल्ट) मागे ओढून गोळी चढवायची जात. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. "वर्षातून कितीदा उडते, आबाजी?" मी विचारलं. "उडते कुठं जी? जागलीले नेतो. डुक्कर आवाजानंच पळते. अन् काडतूस का फुकट येते?"

याच काडतुसाने मला अडकवून ठेवलं. त्याची कुळकथा ऑस्ट्रियात सुरू होते. १८९० च्या सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेकडे मानलिखर रायफली होत्या आणि त्यांचं काडतूस होतं आठ मिलिमीटर तोंडाचं, पन्नास मिलिमीटर लांब पुंगळीचं, बुडाला बाहेर आलेल्या कडेचं. ते भारतात आलं सरकारी संशयामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने फौजी बोअरच्या रायफली खासगी माणसाला बंद केल्या. छावणीतून चोरलेलं .३०३ चं काडतूस कुणाच्या घरच्या बंदुकीत बसू नये, एवढाच हेतू. मग बर्मिंगहॅमच्या बीएसएसारख्या कारखानदारांनी ली-एन्फिल्डचा सांगाडा कायम ठेवला आणि त्यात फौजेकडे नसलेलं हे ऑस्ट्रियन काडतूस .३१५ या नावाने बसवलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच परंपरा पुढे चालवली. त्यामुळे जगाच्या बाजारात दुर्मीळ असलेला हा बोअर उत्तर आणि मध्य भारतात मात्र परवानाधारकाची नेहमीची रायफल होऊन बसला.

काडतुसाचे भाग चारच: पितळेची पुंगळी, बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडावरची गोळी. उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते; उरते पुंगळी, आणि सगळ्यात महाग भाग तोच. दारूचा दाब आला की पितळ फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच किंचित आकसतं आणि सुटं होतं. ही लवचीकता आहे म्हणून पुंगळी पुन्हा भरता येते, आणि तीच तिचं आयुष्यही ठरवते. ली-एन्फिल्डचा खटका मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे दाबाखाली तो थोडा दबतो आणि पुंगळी बुडाजवळ ताणली जाते. प्रत्येक बाराबरोबर तिथलं पितळ पातळ होत जातं. जाणकार वाकवलेली तार आत फिरवून तिथे चर पडलाय का, ते चाचपतात. चर लागला तर पुंगळी भंगारात. नाहीतर पुढच्या बाराला बूड तुटून वायू थेट तोंडावर येण्याचा धोका. म्हणून हे जाणकार पूर्ण पुंगळी दाबून मूळ मापावर आणत नाहीत, फक्त मान आवळून गोळी धरण्याइतकी करतात.

टोपीचाही एक हट्ट आहे. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडात मधोमध एक भोक असतं, त्यातून सुई घातली की जुनी टोपी निघते. बर्डन पद्धतीत टोपी जिच्यावर चेपते ती ऐरण पुंगळीतच कोरलेली आणि भोकं दोन, आडबाजूला. सुई चालत नाही. बॉक्सर इंग्रज अधिकारी, पण त्याची पद्धत रुजली अमेरिकेत. बर्डन अमेरिकन, त्याची रुजली युरोपातल्या फौजांत. या बोअरच्या तयार पुंगळ्या मिळाल्या नाहीत तर तिकडचे हौशी रशियन ७.६२ × ५४ च्या पुंगळ्या कापून, मापात आणून त्यांना या बोअरचं सोंग देतात.

आबाजींनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या आज्याची भरमार होती. दारू मापायची, बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची. दारू आणि टोप्या परवान्यावर मिळत. ठासणीच्या बंदुकीत भरणं हाच वापर, त्यामुळे कायद्यालाही ते मान्य. "मंग यात का अडचण?" त्यांनी विचारलं.

अडचणी इथूनच सुरू होतात. भरमारीची काळी दारू मापात थोडी मागेपुढे झाली तरी बहुधा निभावतं. रायफलीची बिनधुराची दारू तशी नाही. जरा जास्त पडली किंवा जात चुकली तर दाब खटक्याला पेलत नाही. वजन अचूक तोलावं लागतं, आणि या बोअरसाठी तपासलेली मापंही मोजकीच.

दुसरी अडचण कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. परदेशात दुकानाच्या फळीवर मिळणारा भरणीचा दाबयंत्र-संच इथे स्वतःच दारूगोळा ठरतो. बनवण्याचा परवाना वेगळा, आणि विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद, कमाल जन्मठेप. शिकाऱ्याची हौस हे कारणही आता उरलेलं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पिकं नासवणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

आणि तिसरी अडचण याच जिल्ह्यात दिसते. नागपूरच्या वाटेवर जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तिथे बंदुकी-तोफांची दारू आणि स्फोटकं बनतात. प्रशिक्षित माणसं, नियम, जाड भिंती, सगळं आहे. तरी २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. ही बातमी वाचलेल्या माणसाने नाकाडोंगरीच्या ओसरीवर दारू तोलायचा सल्ला कोणत्या तोंडाने द्यावा?

म्हणून संपादकांना माझं उत्तर असं: घरी काडतुसं भरणारा मला सापडला नाही, आणि सापडू नये हेच बरं. पण काडतुसाबद्दलची आबाजींची तक्रार खरी आहे. फौजी बोअर सरकारने नाकारला, म्हणून हा बोअर आला. रायफल सरकारी कारखान्याने विकली, परवाना सरकारने दिला, भरणी सरकारने बंद केली. एवढं सगळं हाती ठेवल्यावर परवडणाऱ्या भावात काडतूस वेळेवर तालुक्यापर्यंत पोचवणं हेही सरकारचंच काम ठरतं. ते जमत नसेल तर धानाच्या बांधीला कुंपण आणि नासाडीची भरपाई तरी पेरणीच्या हंगामाआधी मिळावी. आबाजींची खरी मागणी तीच होती. रायफलीचा विषय मीच काढला होता.