मतदारांची यादी

मतदानाचा दिवस हा लोकशाहीतील मोठ्या महत्त्वाचा दिवस होय. त्या दिवशी मतदान केंद्रावर आलेल्या मनुष्यास तेथील अधिकारी त्याचे धन, विद्या किंवा जात विचारीत नाहीत. प्रथम ते पाहतात ते इतकेच, की त्याचे नाव मतदारांच्या यादीत आहे की नाही. नाव नसेल, तर तो कितीही सुजाण असला तरी त्यास मत देता येत नाही. म्हणून ही यादी कशी तयार होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचा प्रदेश पूर्वी निजामाच्या राज्यात मोडत असे. तेव्हा शेतात राबणाऱ्या सामान्य माणसास राज्यकारभारात मत नव्हते. सप्टेंबर 1948 मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि 26 जानेवारी 1950 रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. घटनेच्या 326 व्या कलमाने प्रौढ नागरिकांस मताधिकार दिला. प्रारंभी त्यासाठी 21 वर्षे वयाची अट होती. 1989 साली ती 18 वर्षांवर आणण्यात आली.

हक्क मिळाला, परंतु कोट्यवधी नावे लिहून घेण्याचे काम सोपे नव्हते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतातील पुष्कळ स्त्रियांनी परक्या माणसास आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशीच त्यांची नोंद झाली. प्रत्येक मतदाराचे स्वतःचे नाव लिहिले गेलेच पाहिजे, असा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता. काही ठिकाणी मुदतही वाढवून देण्यात आली. तरीही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्यांचा हक्क कोणी हिरावून घेतला नव्हता; तो यादीपर्यंत पोहोचलाच नाही.

येथे कोणी विचारील, की ज्यास हक्क आहे त्याचे नाव मतदानाच्या आदल्या दिवशीही का लिहून घेऊ नये? त्याचे कारण असे. नवा अर्ज आला, म्हणजे अर्जदार खरोखर त्या गावी राहतो काय, त्याचे वय भरले आहे काय, त्याचे नाव दुसऱ्या गावी तर नाही ना, हे तपासावे लागते. इतरांस हरकत घेण्यास अवधी द्यावा लागतो. यासाठी 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एक सीमा घालून दिली आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली, की ती निवडणूक पुरी होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही किंवा यादीतून काढताही येत नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या 2024 सालच्या निवडणुकीत ही तारीख 29 ऑक्टोबर होती आणि मतदान 20 नोव्हेंबरला झाले. अशी तारीख उलटल्यावर घातलेल्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा 1969 साली न्यायालयाने ती नावे बेकायदेशीर ठरविली.

वयाचाही हिशेब तारखेनेच होतो. आता त्यासाठी वर्षातून चार तारखा धरतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर. समजा, सेनगावातील एका मुलीस 20 सप्टेंबर रोजी अठरा वर्षे पूर्ण झाली. ती 1 ऑक्टोबरच्या तारखेने पात्र ठरेल. तिच्या मैत्रिणीची अठरा वर्षे 5 ऑक्टोबरला भरली, तर तिला मात्र 1 जानेवारीची वाट पाहावी लागेल.

मुदतीचे बंधन नागरिकांवर आहे, तसे नियमांचे बंधन अधिकाऱ्यांवरही आहे. मुंबई व दिल्ली येथील काही मतदारांस, त्यांची नावे यादीत असतानाही, आपले नागरिकत्व सिद्ध करण्यास सांगण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली निर्णय दिला, की यादीत आधीपासून असलेले नाव नोटीस दिल्यावाचून व त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून काढता येणार नाही.

यादीत नाव आहे, पण केंद्रापर्यंत जाता येत नाही, असाही प्रसंग येतो. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी दूरच्या कारखान्यांवर जातात. कामासाठी काही काळ बाहेर राहिल्याने गावच्या यादीतील नाव जात नाही, असे कायदा सांगतो. परंतु मत देण्यास गावीच यावे लागते. सैनिकांस टपालाने मत पाठविता येते. ऊसतोड कामगारांस ती सोय नाही. 2024 च्या निवडणुकीच्या वेळी या कामगारांच्या मतदानाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठापुढे मांडण्यात आला होता. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचे मत वाया जाऊ नये, ही त्यामागील तळमळ होती.

न्यायालये नागरिकांच्या हक्काचे रक्षण करतात. पण एकदा सुरू झालेली निवडणूक मध्येच अडविणे त्यांस उचित वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1952 सालीच हे तत्त्व सांगितले. म्हणून निवडणूक येण्यापूर्वीच जागे राहणे हे खरे शहाणपण होय. यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा तो पाहावा. नाव नसेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे नमुना क्रमांक 6 चा अर्ज करावा. त्याचा निर्णय मान्य नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मुलांनो, तुमचे नाव यादीत यावयास अद्याप काही वर्षे आहेत. सतरा वर्षे पूर्ण झाली, की आगाऊ अर्ज करता येतो, हे ध्यानात ठेवा. तोपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांची नावे यादीत बरोबर लिहिली आहेत की नाहीत, हे तुम्हांस वाचून पाहता येईल. आजीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहिलेले आढळले, तर पहिल्या निवडणुकीतील त्या 28 लाख स्त्रियांची आठवण करा, म्हणजे त्या एका ओळीचे मोल तुम्हांस कळेल.