पाणी वाचवायचे म्हणजे किती?

‘पाणी वाचवा’ हे वाक्य भिंतीवर नाही अशी शाळा मराठवाड्यात शोधूनच काढावी लागेल. पाणी वाचवले पाहिजे हे मुलांना पाठ असते. पण ‘तू रोज किती पाणी वापरतोस?’ असे विचारले, तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. जे मोजले नाही ते कमी झाले की नाही, हे कळणार कसे? म्हणून उपदेशाआधी मोजमाप हवे. ते वर्गात कसे घेता येईल, हे अर्धापूर परिसरातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून पाहू.

अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध आहे. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी या भागाला मिळते. त्यामुळे घरातला हंडा आणि शेतातले ठिबक, दोन्ही येथील मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला की विषयाचे खरे स्वरूप कळते.

पहिला हिशेब : घरातले पाणी

एक लिटरची बाटली घेऊन मुलांनी प्रथम घरातील बादली, तांब्या आणि हंडा यांची मापे काढावीत. बादलीवर छापलेला आकडा आणि आपण ती जिथपर्यंत भरतो ते पाणी यांत फरक असतो. मग पिणे, आंघोळ, शौचालय, कपडे, भांडी असे रकाने आखून आठवडाभर नोंद ठेवावी. घरासाठी एकत्र वापरलेले पाणी माणसांच्या संख्येने भागावे.

नळ टपकत असेल तर त्याखाली दहा मिनिटे भांडे ठेवावे. समजा ६० मिलिलिटर पाणी जमले. दिवसात अशी १४४ दहा मिनिटे असतात. म्हणजे दिवसाला ८.६४ लिटर. एका माणसाला दोन-तीन दिवस पिण्यास पुरेल एवढे हे पाणी आहे.

आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा? ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी ते १३५ लिटर आहे. टंचाईत काय होते हे लातूरने पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. आकडा प्रचंड वाटतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला तर एका मोठ्या गाडीतून माणशी साडेसहा लिटर पाणी येते. आंघोळीची अर्धी बादलीसुद्धा नाही. हे गणित मुलांना स्वतः करू द्यावे.

नोंदवहीत आणखी एक रकाना जरूर ठेवावा : ‘हे पाणी कोणी आणले?’ ज्या घरात पाणी डोक्यावरून येते तेथे वापर आपोआपच कमी असतो, आणि तो भार बहुधा आई किंवा मुलगी वाहत असते. रोज तीस लिटरांत भागवणाऱ्या मुलीला ‘पाणी जपून वापर’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तिला अधिक पाणी मिळायला हवे. म्हणून या नोंदींची वर्गात स्पर्धा लावू नये आणि कोणाचा आकडा फळ्यावर नावासह लिहू नये.

दुसरा हिशेब : ताटातले पाणी

आपण खातो आणि नेसतो त्या वस्तू तयार होतानाही पाणी लागलेले असते. टोनी ॲलन या ब्रिटिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात त्याला ‘आभासी पाणी’ म्हटले. नेदरलँड्सचे आर्यन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘जलपदचिन्ह’ ही कल्पना मांडली. जागतिक सरासरीनुसार एक किलो केळ्यांमागे सुमारे ८०० लिटर आणि उसापासूनच्या एक किलो साखरेमागे सुमारे १८०० लिटर पाणी लागते. म्हणजे चहातल्या पाच ग्रॅमच्या एका चमचा साखरेमागे जवळजवळ नऊ लिटर. चहाच्या कपात मात्र १०० मिलिलिटर पाणीही नसते!

असे आकडे तयार देण्यापेक्षा अर्धापूरच्या मुलांना ते स्वतः काढता येतील. केळीच्या एका झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील आणि ठिबक तीन तास चालत असेल, तर झाडाला २४ लिटर पाणी मिळते. पावसाळ्यात ते कमी लागते. म्हणून वर्षाची सरासरी दिवसाला १५ लिटर धरू. वर्षाचे झाले ५,४७५ लिटर. घड २० किलोचा आणि त्यात १५० केळी धरली, तर एका केळ्यामागे सुमारे ३६ लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी. येथे आपण फक्त सिंचनाचे पाणी मोजले. जागतिक सरासरीत पावसाचे पाणीही धरलेले असते. म्हणून तो आकडा मोठा दिसतो. आपल्या शेतातले खरे आकडे घालून मुलांनी हे गणित पुन्हा करावे.

सगळे लिटर सारखे नसतात

येथे एक सावधगिरी हवी. एका सुती सदऱ्यामागे सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते असे सांगतात. पण मराठवाड्यातील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. तो जमिनीत मुरलेल्या पावसावर वाढतो. शास्त्रज्ञ त्याला ‘हिरवे पाणी’ म्हणतात. धरण, विहीर किंवा बोअरमधून घेतलेले ते ‘निळे पाणी’. टंचाईच्या काळात गावाच्या पिण्याशी स्पर्धा होते ती निळ्या पाण्याची. तेव्हा नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नये. पाणी कोठून आले हे विचारावे.

दुसरा फरक वापर आणि खर्च यांतला. पिकाच्या पानांतून वाफ होऊन गेलेले पाणी आपल्या विहिरीला परत मिळत नाही. ते खर्च झाले. आंघोळीचे पाणी मात्र वापरले जाते, पण नाहीसे होत नाही. ते गटारात सडते की जमिनीत मुरते, हे आपल्यावर अवलंबून असते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. खड्ड्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि तिच्याभोवती दगड-गोटे, अशी ही साधी रचना. सांडपाणी जमिनीत जिरू लागले, उघडी गटारे गेली आणि डासही हटले. पुढे ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. शाळेच्या हातधुण्याच्या जागेजवळ असा खड्डा मुलांना करता येईल. मात्र तो विहीर व हातपंपापासून दूर असावा आणि त्यात शौचालयाचे पाणी सोडू नये.

मुलाच्या हातात काय आहे?

केळी पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला ‘केळी खाऊ नकोस’ असे सांगणे निरर्थक आहे. कोणते पीक घ्यायचे हे बाजारभाव, कालव्याची पाळी आणि कर्ज यांवर ठरते. ते मूल ठरवत नाही. आपल्या वैयक्तिक वापराला मर्यादा आहेत आणि मोठे निर्णय गावाने व शासनाने घ्यायचे असतात, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. नाहीतर दोन महिन्यांत मुलांना वाटू लागते की नळ बंद केला की दुष्काळ टळतो, आणि तसे झाले नाही की मोजणेच व्यर्थ वाटते.

तरीही काही गोष्टी त्याच्या हातात नक्की आहेत. ताटात टाकलेले अन्न म्हणजे ते पिकवण्यास लागलेले पाणी टाकणे. मध्यान्ह भोजनानंतर उरलेले अन्न आठवडाभर वजन करून पाहावे. टपकणारा नळ दुरुस्त करून घेता येतो. कपडे अधिक दिवस वापरता येतात. फुटलेल्या ठिबक नळीकडे घरच्यांचे लक्ष वेधता येते.

शाळेसाठी शेवटचे एक गणित. २०० चौरस मीटर छत, वर्षाचा पाऊस सुमारे ९०० मिलिमीटर आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर १ लाख ४४ हजार लिटर पाणी जमते. आपल्या शाळेचे छत टेपने मोजून हे गणित करावे आणि उत्तर ग्रामसभेपुढे ठेवावे. घरातल्या पाण्याची नोंद नोव्हेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. दोन्हींतील फरक काय सांगतो, यावरचा वर्ग त्या घोषणेपेक्षा जास्त काळ लक्षात राहील.