पूररेषा: ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे काय?
पवना-इंद्रायणीकाठी घर पाहताना ‘निळी पूररेषा’ (सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) हा शब्द कानावर येतो. लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची. ‘एकदा पूर येऊन गेला, आता 25 वर्षे निर्धास्त’ असा अर्थ अनेकजण लावतात. हिशोब तसा नाही. सापशिडीत आत्ता सहा पडले, म्हणून पुढच्या डावात पडणार नाहीत असे नसते. तसेच इथे: दरवर्षी शक्यता 25 मध्ये 1, म्हणजे 4 टक्के. लागोपाठ दोन पावसाळ्यांतही पूर येऊ शकतो.

मे 2025 मध्ये इंद्रायणीकाठच्या चिखलीत निळ्या रेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. घराचा इसार देण्यापूर्वी विकास आराखड्यात या रेषा जरूर पाहा.