उजेड हवा, ऊन नको

मार्च संपत आला की मालेगावात घराघरांचा पत्रा तापू लागतो. ज्यांचे माग घरातच आहेत, त्या कारागीर बांधवांची अडचण दुहेरी. खिडकी उघडावी तर झळ आत येते. लावून घ्यावी तर तुटलेला धागा दिसत नाही. आणि आमच्या धंद्यात उजेडाशी तडजोड चालत नाही. ट्यूबच्या उजेडात जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात कधी कधी वेगळे निघतात, मग माल परत येतो. उलट रोज ऊन लागले तर ठेवलेल्या कापडाचा रंग उडतो.

मुंबईच्या अनेक जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी होती. दात्याची काचेची बाजू उत्तरेला. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेचा उजेड एकसारखा आणि कमी तापाचा मिळतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडे तिरपे ऊन तिकडूनही येते, तेवढे छोट्या आडोशाने अडते.

हेच घरात करता येते. उत्तरेच्या भिंतीत छताजवळ रोशनदान ठेवावे. उंचावरचा उजेड खोलीत लांबवर पोहोचतो, वर साचलेली गरम हवाही तेथून निघून जाते. आतून भिंतींना पांढरा चुना द्यावा. पत्र्यावरही उन्हाळ्याआधी चुना मारावा; पावसात धुपतो, म्हणून दरसाल मारावा लागतो. उजेडासाठी छपरात पारदर्शक पत्रा बसवण्याची पद्धत आहे, पण त्यातून भर दुपारचे ऊन थेट मागावर पडते. मला तो सौदा महागाचा वाटतो.

खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. दक्षिणेला उन्हाळ्यात हातभर छज्जा पुरतो, कारण दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. पश्चिमेला तो खाली उतरून छज्ज्याखालून आत शिरतो. तेथे बांबूची चिक लावावी, तीही बाहेरून. आतला पडदा तापतो आणि तो ताप खोलीतच राहतो.

दिव्याचेही तसेच. जुना ६० वॅटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. तेवढाच उजेड ८-९ वॅटचा एलईडी देतो.

वाळ्याची ओली तट्टी उत्तमच, कारण कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो. मात्र ती उजेड अडवते. म्हणून तट्टी पश्चिमेला बांधावी आणि माग उत्तरेच्या रोशनदानाखाली ठेवावा.